खुर्चीच काढून टाकणारा डॉन: लकी लुचियानोचं प्रकरण

१० सप्टेंबर १९३१. न्यूयॉर्कमधल्या ग्रँड सेंट्रल स्थानकामागे, २३० पार्क अॅव्हेन्यू या इमारतीच्या नवव्या मजल्यावर माफियाचा बॉस साल्वातोरे मारान्झानो आपल्या कार्यालयात होता. करखात्याची तपासणी कधीही होईल म्हणून त्याने आपल्या माणसांना हत्यारं जवळ ठेवायला मनाई केली होती. सरकारी अधिकारी असल्याचं सांगत काही जण आत शिरले आणि मारान्झानोला सुऱ्याने भोसकून, वर गोळ्या घालून संपवून गेले. मारेकरी ज्यू होते. मारान्झानोच्या गोटातले सगळे सिसिलियन, त्यामुळे हे चेहरे तिथे कुणालाच ओळखीचे नव्हते.

या खुनामागे चार्ल्स ‘लकी’ लुचियानो होता हे माफियाच्या इतिहासात आता सर्वमान्य आहे, जरी त्याबद्दल त्याला कधी शिक्षा झाली नाही. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. पाच महिन्यांत दोन बडे बॉस संपले होते आणि न्यूयॉर्कच्या इटालियन गुन्हेगारी जगात त्याला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. अशा वेळी माणूस काय करतो? बहुतेक जण त्या खुर्चीवर बसतात. लुचियानोने खुर्चीच काढून टाकली. हा निर्णय हा या प्रकरणाचा गाभा. त्यातून जी व्यवस्था उभी राहिली ती पुढे पन्नास वर्षं टिकली. पण शिस्तीने चालणारा धंदा सगळीकडे सारख्याच खुणा सोडत जातो, आणि त्या खुणा वाचणारं कुणी भेटलं की शिस्तच पुरावा बनते. लुचियानोच्या बाबतीत ते फार लवकर घडलं.

जुनं घर

लुचियानो, म्हणजे मूळचा साल्वातोरे लुकानिया, १८९७ मध्ये सिसिलीतल्या लेर्कारा फ्रिद्दी या गंधकाच्या खाणींच्या गावी जन्मला. लहानपणीच तो आईवडिलांबरोबर मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला आला. दाटीवाटीच्या त्या वस्तीत इटालियन आणि ज्यू कुटुंबं शेजारी राहत, आणि तिथेच त्याची मेयर लान्स्कीशी गाठ पडली. लान्स्की ग्रोदनोहून आलेला ज्यू मुलगा, हिशोबात पक्का. पुढे बेंजामिन सीगल आणि कॅलाब्रियाचा फ्रँक कॉस्टेलोही त्यांना येऊन मिळाले. सिसिलियन, कॅलाब्रियन आणि ज्यू एकत्र धंदा करतात ही गोष्ट जुन्या बॉसच्या पचनी पडणारी नव्हती.

या जुन्या लोकांना तरुण पोरं ‘मिशीवाले’ म्हणत. सिसिलीत कोण कुठल्या गावचा, यावर त्यांच्याकडे माणसाची किंमत ठरे. सिसिलीबाहेरच्यावर भरवसा नाही, ज्यूंशी भागीदारी नाही, आणि मानापमानासाठी वर्षानुवर्षं रक्त सांडायची तयारी. या मिशीवाल्यांपैकीच मसेरिया स्वतःला ‘जो द बॉस’ म्हणवून घ्यायचा आणि इतरांकडून वसुली करायचा. कास्तेल्लाम्मारे देल गोल्फो या गावाहून आलेल्या मंडळींनी मारान्झानोच्या मागे उभं राहून त्याला आव्हान दिलं. १९३० च्या सुरुवातीपासून दोन्ही बाजूंचे मुडदे पडू लागले. लुचियानो या काळात मसेरियाचा उजवा हात होता.

या युद्धामागची आर्थिक बाजू नीट समजून घ्यायला हवी. १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी होती. दारू समुद्रमार्गे आणायची, ट्रकने पोचवायची, गोदामात ठेवायची, गिऱ्हाईक सांभाळायचं आणि वाटेतल्या प्रत्येक पोलिसाला हप्ता द्यायचा, असा हा पसारा होता. एका गावच्या भाऊबंदांच्या जोरावर तो पेलणं अशक्य होतं. भांडवल एकाचं, बोटी दुसऱ्याच्या, ट्रक तिसऱ्याचे, अशी भागीदारीच लागे. रस्त्यावर गोळीबार झाला की पोलीस जागे होत, पेपरात मथळे येत आणि माल अडकून पडे. तरुण फळीच्या हिशोबात प्रत्येक मानापमानाचा खून म्हणजे निव्वळ तोटा होता.

रॉथस्टीनची शाळा

हे गणित लुचियानो शिकला तो आर्नल्ड रॉथस्टीनकडे. सुखवस्तू ज्यू घरातला हा जुगारी गुन्हेगारीकडे सावकाराच्या नजरेने बघायचा. पैसा लावायचा, जोखीम वाटून घ्यायची आणि स्वतः मालाला हात लावायचा नाही. कपडे कसे घालावेत, कुठल्या टेबलावर कसं वागावं, भडकपणा का टाळावा, हेही लुचियानोने त्याच्याकडूनच उचललं असं सांगितलं जातं. १९२८ च्या नोव्हेंबरात रॉथस्टीनला गोळी लागून तो मेला, पण तोवर शिष्य तयार झाला होता.

वर्षभराने, ऑक्टोबर १९२९ मध्ये, लुचियानोला काही लोकांनी उचलून नेलं. स्टेटन आयलंडवर तो जखमी अवस्थेत सापडला. चेहऱ्यावर कायमचा व्रण राहिला आणि उजव्या डोळ्याची पापणी खाली ओघळली. हे कुणी केलं हे त्याने पोलिसांना सांगितलं नाही. उत्तम शिवलेले सूट, रेशमी शर्ट आणि त्यावर तो अर्धमिटला डोळा, ही त्याची पुढची प्रतिमा. त्याच्या पोशाखाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की त्यामागचा हेतू झाकला जातो. त्याला मोठ्या हॉटेलात, बँकरच्या शेजारी, वकिलाच्या दिवाणखान्यात शोभून दिसायचं होतं, कारण पुढचा धंदा तिथे होता.

१५ एप्रिल १९३१ रोजी कोनी आयलंडच्या न्यूओवा व्हिला ताम्मारो या उपाहारगृहात मसेरियाला गोळ्या घातल्या गेल्या. लुचियानो तेव्हा हात धुवायला गेला होता ही कहाणी सगळीकडे वाचायला मिळते, पण ती सिद्ध झालेली नाही. सौदा मात्र स्पष्ट होता: मसेरिया जाईल, मारान्झानोशी तह होईल.

मारान्झानो शिकलेला आणि ज्युलियस सीझरचा भक्त. त्याने ब्राँक्समध्ये मोठी सभा भरवून न्यूयॉर्कची पाच ‘कुटुंबं’ पक्की केली. प्रत्येक कुटुंबाला एक बॉस, त्याखाली उपप्रमुख, मग तुकड्यांचे कप्तान, मग शिपाई. इथवर सगळं चोख होतं. मग त्याने स्वतःला या सगळ्या बॉसचा बॉस म्हणून जाहीर केलं आणि लुचियानोसकट नको असलेल्यांची यादी केली. त्यासाठी त्याने व्हिन्सेंट कोल या मारेकऱ्याला सुपारी दिल्याचं म्हणतात. त्याआधीच नवव्या मजल्यावरचा प्रसंग घडला.

मारान्झानो मेला त्या रात्री देशभर ‘मिशीवाल्यां’ची कत्तल झाली, चाळीस-पन्नास-नव्वद माणसं मारली गेली, असं अनेक ठिकाणी छापलेलं आढळतं. अभ्यासकांनी त्या दिवसांतली वेगवेगळ्या शहरांची वृत्तपत्रं तपासली, तेव्हा या प्रकाराशी जोडता येतील असे खून बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. कत्तलीची गोष्ट रंगतदार आहे, पण ती खरी धरली तर लुचियानोने नेमकं काय साधलं तेच हातातून निसटतं. एवढं मोठं सत्तांतर त्याने फार थोड्या रक्तात उरकलं, कारण बहुतेकांना त्याच्या नव्या व्यवस्थेत आपला फायदा दिसत होता.

काय ठेवलं, काय काढलं

लुचियानोला ‘आधुनिक माफियाचा जनक’ म्हणण्याआधी एक श्रेय मारान्झानोला द्यायला हवं. पाच कुटुंबांची मांडणी आणि पदांची उतरंड यांत लुचियानोने फारसा हात घातला नाही. रक्ताची शपथ, हातात जळतं चित्र धरण्याचा विधी, हेही राहिलं. हे सगळं जुनाट म्हणून बंद करावं असं त्याच्या मनात होतं आणि लान्स्कीने त्याला थांबवलं, असं सांगतात. विधी नसेल तर खालच्या माणसाला आपण कशाचा तरी भाग आहोत असं वाटणार नाही, हा लान्स्कीचा मुद्दा. खरं-खोटं काही असो, विधी टिकले एवढं नक्की.

काढलं ते फक्त सर्वोच्च पद. त्या जागी आलं ‘कमिशन’, म्हणजे न्यूयॉर्कच्या पाच कुटुंबांचे प्रमुख आणि त्यांच्या जोडीला शिकागो व बफेलो. कुटुंबांमधली भांडणं इथे यायची आणि मतं घेऊन मिटायची. कमिशनच्या संमतीशिवाय कुठल्याही बॉसला मारायचं नाही. लुचियानोचा शब्द तिथे सगळ्यात जड होता यात शंका नाही, पण नावाला तो सातांतला एक होता.

याचा परिणाम बघा. बॉसचा बॉस असला की त्याला मारून सगळं मिळतं, म्हणून प्रत्येक महत्त्वाकांक्षी माणूस त्याच्याकडे बघत असतो. ते पदच नसेल तर एका बॉसला मारून फार तर एक कुटुंब मिळतं, आणि उरलेले सहा अंगावर येतात. लुचियानोने बंडाचा मोबदला कमी केला आणि किंमत वाढवली. स्वतःच्या जिवाचा विमाही त्याने त्यातच उतरवून घेतला.

व्यवस्थेची खरी परीक्षा १९३५ मध्ये आली. टॉमस ड्युई हा तरुण वकील न्यूयॉर्कमध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध विशेष सरकारी वकील म्हणून नेमला गेला होता, आणि डच शुल्ट्झ या टोळीप्रमुखाच्या मागे लागला होता. शुल्ट्झने कमिशनकडे ड्युईलाच मारायचा आग्रह धरला. नकार मिळाला: सरकारी वकिलाला मारलं तर सगळं सरकार अंगावर येईल. शुल्ट्झ ऐकेना. २३ ऑक्टोबर १९३५ ला न्यूअर्कच्या पॅलेस चॉपहाऊसमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. ड्युई वाचला, आणि शुल्ट्झ गेल्यावर त्याचं लक्ष मोकळं झालं.

युनिस कार्टरने काय पाहिलं

इथे या प्रकरणात ती व्यक्ती येते जिच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. युनिस कार्टर ड्युईच्या वीस वकिलांच्या चमूतली एकमेव स्त्री आणि एकमेव कृष्णवर्णीय. ड्युईकडे येण्याआधी तिने ग्रीनिच व्हिलेजमधल्या स्त्रियांच्या न्यायालयात काम केलं होतं, जिथे वेश्याव्यवसायात पकडलेल्या बायकांना आणलं जाई.

तिथे तिच्या लक्षात एक गोष्ट आली. शहराच्या वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या घरांत पकडलेल्या बायका, आणि वकील मात्र तेच. जामीनदार तेच. न्यायालयात सांगायची गोष्टही तीच: मी बाहेरगावची, मैत्रिणीकडे आले होते. आणि या बायका सुटत होत्या. सुट्या सुट्या धंद्यात इतका सारखेपणा येत नाही. कुणीतरी वर बसून हे चालवतंय, हे कार्टरने ओळखलं.

१९३३ पासून नेमकं हेच चाललं होतं. बायका पुरवणारे जे दलाल आपापला धंदा करायचे, त्यांना धमकावून एका छत्राखाली आणलं होतं. एखाद्या बाईच्या आठवड्याचा हिशोब असा: कमाईतला अर्धा वाटा घरवालीला, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईला, उरलेल्यातला दहावा हिस्सा दलालाला, शिवाय जेवणखाण आणि डॉक्टरचे पैसे, आणि वर जामिनाची वर्गणी म्हणून १० डॉलर. बदल्यात धरली गेली तर वकील आणि जामीन मिळणार. त्या बाईच्या हातात काय उरत असेल याचा विचार केला की ‘आधुनिकीकरण’ या शब्दाची किंमत कळते. गुन्हेगारीचं व्यवस्थापन सुधारलं म्हणजे शोषण नियमित झालं, दर आठवड्याला, ठरल्या दराने.

ड्युईला हा विषय आधी नको होता. नीतिमत्तेच्या नावाने बायकांना छळणारा वकील अशी त्याला प्रतिमा नको होती. कार्टर आणि तिचा सहकारी मरे गुरफाइन यांनी त्याचं मन वळवलं, दूरध्वनी ऐकण्याची परवानगी मिळाली, आणि १ फेब्रुवारी १९३६ च्या रात्री सुमारे ऐंशी घरांवर एकाच वेळी छापे पडले. फितुरी होऊ नये म्हणून छापा घालणाऱ्या पोलिसांना पत्ते अगदी शेवटच्या क्षणी कळले. बायकांना वूलवर्थ इमारतीतल्या ड्युईच्या कार्यालयात आणलं. न्यायमूर्ती फिलिप मॅकूक यांनी साक्षीदार म्हणून प्रत्येकीचा जामीन १०,००० डॉलर ठरवला.

एवढा जामीन भरणं धंद्याच्या हिशोबात बसत नव्हतं. आठवड्याला १० डॉलर घेणारे यावेळी आलेच नाहीत. बायका कोठडीत राहिल्या, दिवस गेले, आणि एकेक जण बोलू लागली. वर्षभर वर्गणी भरून ज्या संरक्षणावर त्यांनी विश्वास ठेवला होता ते ऐन वेळी नव्हतं, हे त्यांच्या बोलण्याचं मोठं कारण होतं असं मला वाटतं. नावं वर वर जात गेली आणि शेवटी ‘चार्ली’पाशी पोचली.

लुचियानो अर्कान्सासमधल्या हॉट स्प्रिंग्जला निघून गेला. ते गाव फरारी गुन्हेगारांना सांभाळून घेण्यासाठी प्रसिद्ध होतं. १ एप्रिलला तिथे अटक झाली, स्थानिक पातळीवर त्याला वाचवायची धडपडही झाली, पण त्याला न्यूयॉर्कला आणलं गेलं. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने अनेक जोडलेले गुन्हे एकाच आरोपपत्रात घेता येतील असा बदल केला. एकेका घरवालीवर वेगवेगळा खटला भरत बसण्याऐवजी सगळी साखळी एका खटल्यात मांडता येऊ लागली.

न्यायालयात

मे १९३६ मध्ये खटला उभा राहिला. फ्लोरेन्स ब्राउन या साक्षीदार बाईने सांगितलं की ही घरं किराणा दुकानांच्या मोठ्या साखळीसारखी एकत्र चालवायची असं लुचियानो बोलला होता. हे वाक्य खटल्यातलं सर्वांत गाजलेलं ठरलं.

त्याच्या ऐटीनेही त्याला गोत्यात आणलं. तो ‘चार्ल्स रॉस’ या नावाने वॉल्डॉर्फ अॅस्टोरियाच्या मनोऱ्यात राहत होता. गल्लीतल्या अड्ड्यावर कोण आलं-गेलं याची नोंद राहत नाही. पंचतारांकित हॉटेलात प्रत्येक फोनची नोंद होते आणि खोल्या साफ करणारी माणसं चेहरे लक्षात ठेवतात. हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी सहआरोपींना त्याच्याकडे येताना पाहिल्याचं सांगितलं. दूरध्वनीच्या नोंदी ड्युईने उलटतपासणीत समोर ठेवल्या, प्राप्तिकराची विवरणपत्रंही काढली. १९२३ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात स्वतःची सुटका करून घेण्यासाठी आपण माल कुठे लपवलाय ते सांगितलं होतं, हेही त्याला भर न्यायालयात कबूल करावं लागलं. ७ जूनला ज्यूरीने त्याला ६२ आरोपांवर दोषी ठरवलं. १८ जूनला शिक्षा झाली, ३० ते ५० वर्षं.

हा पुरावा कितपत भक्कम होता? मुख्य साक्षीदारांपैकी काही बायका अमली पदार्थांच्या व्यसनी होत्या आणि महिनोन् महिने सरकारच्या ताब्यात होत्या. पुढच्याच वर्षी तिघींनी प्रतिज्ञापत्र देऊन साक्ष मागे घेतली. न्यायालयाने ती फिरवाफिरव विश्वासार्ह मानली नाही आणि अपिलातही शिक्षा कायम राहिली. लुचियानो या धंद्याचा रोजचा कारभार बघत होता की त्याची माणसं त्याच्या नावावर तो चालवत होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं: तो रोज बघत नव्हता. पण रॉथस्टीनकडून शिकलेली सगळी रीतच अशी होती की वरच्याने मालाला हात लावायचा नाही, नाव मात्र त्याचं चालायचं. ज्या नावाच्या धाकाने दलाल छत्राखाली आले, त्या नावाची जबाबदारी त्याच्यावर येणं मला अन्यायाचं वाटत नाही. साक्षीदार बायकांना इतके दिवस कोंडून ठेवून साक्ष मिळवणं मात्र खटकतं, आणि आरोपी लुचियानो होता म्हणून ते खटकणं कमी होऊ नये.

पुढचं थोडक्यात. डॅनेमोराचा तुरुंग, मग महायुद्धात न्यूयॉर्कच्या बंदरातल्या हेरगिरीच्या भीतीने नौदलाने त्याची घेतलेली मदत, १९४६ मध्ये गव्हर्नर झालेल्या ड्युईनेच कमी केलेली शिक्षा आणि इटलीला हद्दपारी. त्याच वर्षअखेरीस तो हवानाला पोचला, काही महिन्यांतच क्यूबाने त्याला परत पाठवलं. २६ जानेवारी १९६२ ला नेपल्सच्या विमानतळावर हृदयविकाराने तो गेला.

कमिशनवरच खटला

तो तुरुंगात गेला तरी कमिशन चालू राहिलं. कुटुंबाचा कारभार आधी व्हितो जेनोव्हेसे आणि तो देशाबाहेर पळाल्यावर कॉस्टेलो बघू लागला. मालक आत असताना संस्था चालते, हे त्याच्या बांधणीचं यश मान्य करावं लागतं. १९५७ मध्ये कॉस्टेलोवर गोळी झाडली गेली, आल्बर्ट अनास्तासियाचा न्हाव्याच्या खुर्चीत खून झाला, तरी १९३१ सारखं खुलं युद्ध पेटलं नाही.

कायद्याला ही रचना पकडायला वेळ लागला. १९७० मध्ये अमेरिकेत रिको हा संघराज्याचा कायदा आला. दहा वर्षांच्या मुदतीतले किमान दोन ठरावीक गुन्हे दाखवले की संघटना चालवणं हाच गुन्हा ठरवता येऊ लागला. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात ओळखीचं काही दिसेल. १९९९ च्या आपल्या मोक्कातही टोळीविरुद्ध आधीच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं असावी लागतात, आणि सुट्या गुन्ह्याऐवजी टोळी हा घटक धरला जातो. एकट्या पंटरला आत टाकून वरचा सुटतो, हा अनुभव दोन्हीकडचा.

जोसेफ बोनान्नो हा १९३१ च्या मूळ प्रमुखांपैकी एक. त्याने १९८३ मध्ये आत्मचरित्रात कमिशन कसं चाले ते अभिमानाने लिहिलं. रुडॉल्फ जुलियानी तेव्हा न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याचा सरकारी वकील होता. कमिशन आहे असं त्याचा संस्थापक सदस्यच सांगतोय, तर कमिशनवरच खटला का भरू नये, हा त्याचा विचार. बोनान्नोने साक्ष द्यायला नकार दिला आणि त्यापायी म्हातारपणी तुरुंगात गेला. पण बाकी पुरावा जमत होता. एका कुटुंबप्रमुखाची ज्या जॅग्वार गाडीतून ने-आण व्हायची तिच्यात ध्वनियंत्र बसवलं होतं. वीस लाख डॉलरच्या वरच्या काँक्रीटच्या कंत्राटांवर दोन टक्के कसे वसूल होत, तेही पुढे आलं. बचावपक्षाने सुरुवातीच्याच भाषणात माफिया आणि कमिशन अस्तित्वात असल्याचं मान्य केलं; त्यात असणं म्हणजे गुन्हा नव्हे, एवढाच त्यांचा युक्तिवाद उरला.

तो टिकला नाही. १९ नोव्हेंबर १९८६ ला ज्यूरीने सगळ्या आरोपींना दोषी ठरवलं. १३ जानेवारी १९८७ ला अँथनी सालेर्नो, अँथनी कोराल्लो आणि कार्माइन पर्सिको यांना प्रत्येकी शंभर वर्षांची शिक्षा झाली. सालेर्नो ज्या कुटुंबाचा प्रमुख म्हणून पिंजऱ्यात उभा होता, ते एकेकाळी लुचियानोचं होतं.